पिंपळदरचा अडीच माडीचा वाडा

मंडळी, जरा इथे चौकात उभे राहून वर पाहा. दोन माड्या पुऱ्या, सागवानी खांबांवर कमळे कोरलेली, आणि त्यांच्यावर ही कमरेइतकीच भिंत. पाहुण्यांना वाटते, तिसरी माडी पडली. पडली खरी. पण पुन्हा बांधली नाही ती मुद्दाम.

असे सांगतात, की वाडा बांधणारे हैबतराव देशमुख मोठे हौशी. लेकीचे लग्न तिसऱ्या माडीवरच्या दिवाणखान्यातच लावायचे, हा त्यांचा हट्ट. लग्न तीन आठवड्यांवर आले होते. राघोजी गवंडी आठ माणसे घेऊन वर राबत होता. त्याची बायको ठकूबाई खाली बैलांच्या घाण्यावर चुना दळून घेई. भिजवलेला चुना महिनाभर मुरू द्यायचा, ही तिची रीत. ती देशमुखांपुढे उभी राहिली.

"सरकार, चुना अजून कच्चा आहे. आठ दिवस द्या."

"मुहूर्त काय चुन्याला विचारून काढायचा?" हैबतराव म्हणाले. राघोजीही मान खाली घालून वर चढला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेची भिंत बसली. धुरळा निवला तेव्हा नवांपैकी एकही माणूस दिसेना. हैबतराव अनवाणीच धावत आले. ठकूबाई ढिगाऱ्यावर ओणवी होऊन दगड उचलत होती. त्यांनी अंगरखा काढून टाकला आणि तिच्या शेजारी हात घातला.

"खालचा ओढू नका, सगळेच बसेल. वरचे आधी काढा," ती म्हणाली. या खेपेला त्यांनी ऐकले. म्हणे, दगड उपसता उपसताच त्यांनी ग्रामदेवीला शब्द दिला, की नऊ जीव हाती लागले तर या वाड्यावर पुन्हा एक दगड चढवणार नाही.

दिवस कलताना आतून थापीचे ठोके ऐकू आले. भिंत हलतेय हे कळताच राघोजीने सगळ्यांना दक्षिण भिंतीच्या पोटातल्या जिन्यात लोटले होते. त्या जिन्याचे तोंड बुजले, पण त्याचा चुना गेल्या वर्षीचा, पुरता मुरलेला. तो जागचा हलला नव्हता. एकेक माणूस बाहेर आला. ठकूबाई बोटांवर मोजत होती. नववा राघोजी, पापण्यांपर्यंत पांढरा.

"जिन्याचा चुना तुझ्या हातचा," तो म्हणाला. ती मटकन खाली बसली, हसू लागली आणि हसता हसताच रडली.

लग्न या चौकात मांडव घालून लागले. पहिल्या पंगतीला गवंड्यांची नऊ पाने होती आणि दहावे ठकूबाईचे. हैबतरावांनी स्वतः वाढले.

वरची भिंत आजही तशीच आहे. आणि आजही गावात घर बांधायला काढले, की मालक माल कालवणाऱ्या बाईला हात जोडून विचारतो, "बाई, लावू का?" आता सिमेंट आले, महिनाभर मुरवायचे काही उरले नाही. तरी बाई घमेल्यात बोट बुडवून बघते, आणि ती "लावा" म्हणेपर्यंत कुणी थापी उचलत नाही. माझ्या घराच्या वेळी कोंडाबाईने पाणी जास्त झाले म्हणून पहिले घमेले ओतून द्यायला लावले. आम्ही ओतून दिले.