मोडकी चांदणी

“पण मग साखर ओघळते कशानं, सिस्टर?”

जासिंतानं डबा टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. झाकण उघडलं.

आत नाताळची बिस्किटं होती. चांदण्या. एरवी तिच्या चांदणीच्या कडेनं साखरेच्या लेपाची पांढरी रेघ असायची, सुईनं ओढल्यासारखी. आज ती रेघ पसरून कडेवरून खाली गेली होती. एका चांदणीवर कुणा पोराचं नाव होतं. कुणाचं, ते वाचता येत नव्हतं.

सिस्टर रेमेदी खिडकीशी बसून सुपात मनुका निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं,

“अंडं ताजं होतं?”

“सकाळचं.”

“लिंबू?”

“पिळलं.”

“पिठीसाखर चाळलीस?”

“सिस्टर, मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून चाळतेय. तुमच्याच हाताखाली.”

सिस्टरांनी एक चांदणी उचलून डोळ्यांजवळ नेली.

“गरमवर लावलास लेप.”

जासिंतानं बोटानं डब्याची कड पुसली.

“गार होऊ द्यायचं असतं, बाय. हे मी तुला सांगायचं?”

“वेळ कुठाय…”

तिनं खुर्ची ओढली, पण बसली नाही. तिच्या पायांना सूज होती. केसांत मैदा होता, की केसच पांढरे झाले होते, सांगणं कठीण.

वसईच्या किनाऱ्याकडच्या त्या वाडीत जासिंताच्या हाताला तोड नव्हती. तिच्या जावेनंही हे एकदा भर लग्नात कबूल केलेलं, म्हणजे बघा. वाडीच्या टोकाला कॉन्व्हेंट होतं. तिथल्या स्वयंपाकघरात सिस्टर रेमेदींनी एके काळी वाडीतल्या पोरींना बिस्किटं शिकवली. आता सिस्टरांची बोटं सांधेदुखीनं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली होती. पण कुणाचा केक बसला, कुणाचा करपला, की पोरी अजून त्यांच्याकडेच धावायच्या.

नाताळात वाडीत घरोघर ताटं फिरतात. क्रोशाच्या रुमालाखाली करंज्या, कुलकुल, रव्याचा केक. जासिंताच्या ताटात चांदण्या. ज्या घरी जायच्या त्या घरातल्या प्रत्येक पोराचं नाव चांदणीवर. ख्रिस्ती घर असो की शेजारच्या राऊतवहिनींचं हिंदू घर, नाव चुकायचं नाही. पोरं ती खात नसत. शिमग्यापर्यंत जपून ठेवत, मग मुंग्या खात.

आणि दुसऱ्याचं ताट जासिंताच्या ओट्यावर कधी वस्तीला राहिलं नाही. आलं, रिकामं केलं, दुप्पट भरलं, परत. आलेलं चाखायला तिला फुरसत नसे. ते खायचा बावतीस. तिचा नवरा.

बावतीस सुतार. बोलणं मोजकं, खाणं अमाप. वाडीत नियम असा की मोडकं बिस्कीट ताटात घालायचं नाही. मोडकं ते बावतीसचं. मग काय, जासिंता लेप लावायला बसली की हा मागून यायचा. चांगली धडधाकट चांदणी उचलायचा. अंगठ्यानं जरासा दाब… कट्.

“अरेरे,” म्हणायचा. “मोडलं गं. आता मलाच खावं लागणार.”

जासिंता लाटणं उगारायची. कॉन्व्हेंटची दारं दुरुस्त करायला आला की तिथल्या स्वयंपाकघरातही त्यानं हाच धंदा केला. त्याचं ते “अरेरे” साऱ्या वाडीला पाठ होतं.

यंदा पाऊस सरता सरता बावतीस गेला. दुपारचं जेवून आडवा झाला तो उठलाच नाही.

ज्या घरात दुखवटा, त्या घरचा ओव्हन त्या नाताळला पेटत नाही. वाडीची रीतच आहे. सगळ्यांकडून त्या घरी ताटं येतात. ती रिकामी परत करायची, नुसती धुऊन. एरवी रिकामं ताट परत देणं म्हणजे केवढा अपमान. पण दुखवट्याच्या घरचं ताट रिकामंच यायला हवं. भरून आलं तर आपलं सांत्वनच परत केलं, असं देणाऱ्याला वाटतं.

जासिंताचा ओव्हन मात्र आठवडाभर धडधडत होता. वाडीला वासावरून कळलंच. वाडीला काय कळत नाही?

“यंदा कशाला पेटवलास?” सिस्टरांनी विचारलं.

“वाडीला ताटं नकोत जायला?”

“नकोत.”

“आणि येतील ती?”

“घ्यायची.”

“आणि परत?”

“रिकामी.”

जासिंता हसली. म्हणजे ओठ वाकडे झाले, इतकंच.

“मला नाही जमायचं. हातात रिकामं ताट घेऊन लोकांच्या दारात… भीक मागितल्यासारखं.”

एक मनुका कुजकी निघाली, ती सिस्टरांनी खिडकीतून फेकली.

“मला फक्त लेप बसवून द्या, सिस्टर. बाकी माझं मी बघते. बसले की… बसवत नाही मला.”

“झोपतेस?”

“लेप वाळेस्तोवर.”

सिस्टर भिंतीला धरून उठल्या. काठाचे पोपडे गेलेलं एनॅमलचं ताट काढलं. त्यात बरणीतली बिस्किटं घातली. त्यांनी स्वतः केलेली. चांदण्याच त्या, पण कुणाचं एक टोक तोकडं, कुणाची पाठ काळी. वर रुमाल घातला.

“हे घरी ने. खा. ताट परत आण.”

“आत्ता? माझा मैदा भिजवून पडलाय…”

“डबा इथंच राहू दे.”

गुरूचं ताट नाकारता येत नाही. जासिंता निघाली.

वाटेत राऊतवहिनी कुंपणाशी उभ्या होत्या. उभ्या असायच्याच.

“काय गं, कॉन्व्हेंटातनं? बघू काय दिलंय…”

“घाई आहे, वहिनी.”

वहिनींनी हात मागे घेतला. दिवाळीत असंच झालं होतं. दुखवट्याच्या घरी फराळ घेऊन त्या गेल्या ते जरा टेकावं, तिचा हात धरावा, चार टिपं गाळावीत म्हणून. जासिंतानं उंबऱ्यातच ताट घेतलं, आत नेलं, बिस्किटांची रास घालून आणलं, त्यांच्या हातात दिलं आणि दार लावलं. वहिनी ते भरलेलं ताट घेऊन रस्त्यात उभ्या राहिल्या. रडायला गेलेल्या बाईनं बिस्किटं घेऊन यावं… त्यांना घरीही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी जासिंता कॉन्व्हेंटात हजर. ताट रुमालाखाली टम्म.

सिस्टरांनी रुमाल उचलला. चांदण्या. रेघ सुईसारखी. एक थेंब इकडचा तिकडे नाही.

“गार होऊ दिली,” जासिंता म्हणाली. आवाजात थोडा जुना ताठा होता. “आता बघा.”

“माझी खाल्लीस?”

जासिंता रुमालाची घडी घालू लागली.

“एक तरी?”

“ठेवलीत.”

“कुठं?”

“डब्यात.”

“कुठल्या डब्यात, बाय?”

जासिंता खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर काही नव्हतं. माडाच्या झावळ्या होत्या.

“मोडक्यांच्या,” ती म्हणाली. “भरलाय तो. झाकण बसत नाही. पुरुमेंताच्या, पावसाळी साठवणीच्या बरण्या रिकाम्या केल्या, त्याही भरल्या. टाकवत नाहीत… आणि खाणार कोण?”

सिस्टरांनी ताटातल्या सुबक चांदण्या कालच्या डब्यात ओतल्या. बरणी पालथी करून आपली उरलीसुरली वेडीवाकडी बिस्किटं ताटात घातली. वर रुमाल.

“माझं ताट मला रिकामं हवंय.”

“सिस्टर, रिकामं कसं आणू?”

“दोन्ही हातांनी.”

घरी येऊन जासिंतानं ताट ओट्यावर ठेवलं. ओव्हन तापत होता. पत्र्यावर कच्च्या चांदण्या मांडून तयार होत्या, आत सरकवायच्या तेवढ्या बाकी. तिनं पत्रा उचलला. पत्रा खाली ठेवला. परत उचलला. परत ठेवला.

मग तिनं बटण बंद केलं.

घर एकदम शांत झालं. इतके दिवस त्या ओव्हनच्या घरघरीत तिला कळलंच नव्हतं की घर एवढं शांत आहे. ती बावतीसनं केलेल्या पाटावर बसली.

“जासिंता… येऊ का गं आत?”

दारात राऊतवहिनी. ओव्हनचा आवाज थांबला म्हणून आल्या होत्या. तोंडानं म्हणाल्या विरजण मागायला.

जासिंता सवयीनं उठली. वहिनींच्या हातात काय कोंबावं ते शोधू लागली. ओट्यावर कच्च्या चांदण्या. आणि सिस्टरांचं ताट… ते तर द्यायचं नव्हतं.

द्यायला काहीच नव्हतं.

“बसा,” ती म्हणाली.

वहिनी दुसऱ्या पाटावर बसल्या. मधे ताट. जासिंतानं रुमाल काढला. एक चांदणी घेतली. पाठ करपलेली, जायफळ जास्त झालेलं, दाताला दाद न देणारी. तिनं चहा टाकला. चहात बुडवली तेव्हा कुठं चावली.

“कशी आहे?” वहिनींनी विचारलं.

“वाईट,” जासिंता म्हणाली.

आणि दुसरी घेतली.

वहिनींनीही घेतली. “खरंच वाईट गं,” म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. दोघींनी मिळून ताट संपवलं. कोण कधी रडलं ते बिस्किटांनाच माहीत. विरजणाचं नाव कुणी काढलं नाही.

जासिंतानं ताट धुतलं. पुसलं. रुमालाची घडी करून वर ठेवली.

भरलेलं ताट कसं धरावं हे तिच्या हाडांना ठाऊक होतं. रिकामं कसं धरावं ते कळेना. कमरेला लावावं तर उनाडासारखं दिसतं. काखेत मारावं तर चोरून आणल्यासारखं. शेवटी समोर धरलं. दोन्ही हातांनी.

वाडी संध्याकाळच्या कामात होती. कुणी नाताळचा आकाशकंदील टांगत होतं, कुणी बाळ येशूच्या गोठ्याला पेंढा आणत होतं. जासिंता दिसली तशी बोलणी थांबली. तिची मान खाली गेली. आता हसतील, तिला वाटलं. कुणी हसलं नाही. तिची जाऊ पायरीवर करंज्या मोजत होती, ती उठून उभी राहिली. करंजी हातातच. देवळात मिस्सेच्या प्रार्थनेला उठतात तशी.

कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता.

सिस्टरांनी ताट घेतलं. त्यात बघितलं. काठावरून वाकडं बोट फिरवलं. मग ते भिंतीवर जागच्या जागी टेकवलं.

“जड होतं?”

“भरलेल्यापेक्षा…”

जासिंता खुर्चीत बसली. मान टेकवली, डोळे मिटले. सिस्टरांनी मनुकांचं सूप बाजूला सारलं. मिस्सेच्या गाण्याची तालीम चाललेली, तिचा आवाज देवळाकडून येत होता. मधेच चुकत होता, परत पहिल्यापासून सुरू होत होता.

“उद्यापासून ताटं यायला लागतील, सिस्टर.”

“येतील.”

“घेईन मी. धुऊन परत देईन.” ती थांबली. “पण घरातली ती मोडकी… तेवढं सांगा. त्याच्या वाटणीची आता कोण खाणार?”

सिस्टरांनी डबा पुढे ओढला.

आतली एक चांदणी निवडली. सगळ्यात चांगली. पाची टोकं शाबूत, साखरेची रेघ सुईसारखी. दिव्यासमोर धरली. कौतुकानं इकडून बघितली, तिकडून बघितली.

मग त्या वाकड्या अंगठ्यानं जरासा दाब…

कट्.

जासिंतानं डोळे उघडले.

सिस्टरांनी अर्धी चांदणी तिच्या हातावर ठेवली.

“अरेरे,” त्या म्हणाल्या. “मोडलं गं. आता तुलाच खावं लागणार.”