चुलीत न गेलेला ऐन

फार मागे, झाडं माणसांशी बोलायची तेव्हा, एका देवराईतला ऐनाचा म्हातारा वृक्ष वादळात आडवा झाला. जन्मभर हवा खाऊन त्याने तिचं लाकूड केलं होतं आणि त्याचा त्याला कोण अभिमान! आता निदान धडधडून पेटावं, आपल्यावर चार भाकऱ्या भाजाव्यात, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

भागीरथी गुरवीण देवापुढे दिवा लावायला आली, तशी त्याने हाक मारली, "बये, ने मला चुलीला."

"नाही बाबा! देवराईतली काटकीसुद्धा आम्ही बाहेर नेत नाही," असं म्हणून तिने हात जोडले आणि ती निघून गेली.

ऐन रुसून बसला. त्यात बुंध्याला वाळवी लागली. "चुलीत दिमाखात गेलो असतो. इथे नुसतं कुजत पडायचं!" तो करवादला.

"चुलीत गेला असता तर तुमची जन्मभराची हवा बघता बघता धूर झाली असती, आजोबा," वाळवी खाता खाता म्हणाली. "आमचं काम सावकाश. थोडी वाऱ्यावर सोडू, थोडी मातीत मुरवू. घाई कसली आहे?"

पावसाळे येत गेले आणि ऐन भुसभुशीत होत गेला. एके सकाळी त्याच्या पाठीला गुदगुल्या झाल्या. पाहतो तर ऐनाचंच रोप, दोन पानांचं!

रोपाने हवेचा पहिला घास घेतला आणि विचारलं, "आजोबा, ही इतकी ओळखीची कशी लागते?"

म्हातारा खुदकन हसला. "घे, पोटभर घे. घरचीच आहे."