हातभर जाड भिंत

वर्षातले सहा महिने बर्फाखाली असणाऱ्या एका डोंगरावर, फार पूर्वी, तीस घरांचं एक गाव होतं. तिथल्या घरांच्या भिंती हातभर जाड असत. अख्खे ओंडके एकावर एक रचायचे, मधल्या फटींत शेवाळ ठासायचं, की झालं घर. एका घराला साठ झाडं लागत. पण एकदा बांधलं की आजोबांचं घर नातवाच्या नातवालाही पुरायचं.

गावचा मुखिया हुशार होता. जरा जास्तच हुशार म्हणा ना! एके दिवशी त्याने सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाला, "एका घराला साठ झाडं? काय ही उधळपट्टी! या ओंडक्यांच्या दोन बोटं जाडीच्या फळ्या पाडल्या तर तेवढ्यात सहा घरं होतील. जंगल वाचेल."

जंगल वाचेल म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? म्हातारा सुतार तेवढा बोलला. "मुखिया, भिंतीत बसलेलं झाड शंभर वर्षं थंडी अडवतं. भिंत पातळ केलीत तर चूल दिवसभर पेटती ठेवावी लागेल. त्या चुलीला झाडं कुठून आणणार?"

"तुमचं आपलं काहीतरीच, सुतारबाबा! चुलीला काय, काटक्या पुरतात."

लोक खो खो हसले. जुनी घरं उतरवली, फळ्या पाडल्या, मोठाली नवी घरं उभी राहिली. एकट्या सुताराने आपलं घर मोडू दिलं नाही.

पहिल्याच हिवाळ्यात काटक्या पुरेनात. जिथे दिवसाला एक मोळी लागायची तिथे चार लागू लागल्या. आधी वाळलेली झाडं गेली, मग उभी हिरवी. घरासाठी एकाही झाडाला कुऱ्हाड लागली नाही हे खरंच, पण दहा वर्षांत डोंगर बोडका झाला. मुखियाला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं की! पण चूक कबूल करायला त्याची जीभ रेटत नव्हती.

मग तो हिवाळा आला. बर्फाने वाटा बुजल्या आणि सरपण संपलं. मुखियाच्या घरात दोन महिन्यांची नात होती. गावच्या रीतीप्रमाणे बर्फ वितळल्यावर तिचं बारसं व्हायचं होतं. पोर थंडीने निळी पडू लागली. घरच्यांनी खाट जाळली, पाळणा जाळला. शेवटी मुखियाने मागच्या भिंतीची एक फळी उपटून चुलीत घातली. त्या जागेतून वारा आत घुसला, म्हणून दुसरी घातली.

सून रडत म्हणाली, "मामंजी, सुतारबाबांकडे जाऊ या. त्यांच्या घरात ऊब आहे. लेकरू वाचेल हो माझं!"

"मी? त्याच्या दारात जाऊ?" मुखिया म्हणाला. "उद्या ऊन पडेल. एक दिवस काढा."

ऊन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी मागची भिंत पुरती जळून गेली, तेव्हा तो नातीला घोंगडीत गुंडाळून धावत सुटला. मागोमाग सून धावली.

सुताराच्या घरात अर्धं गाव येऊन बसलं होतं. चुलीत मूठभर निखारे होते, तरी लोकांनी अंगावरच्या शाली काढून ठेवल्या होत्या. सुताराने पोर हातात घेतली, तिच्या छातीला कान लावला आणि ती सुनेच्या मांडीवर ठेवली.

"काल आणायला हवी होती," तो म्हणाला. सुनेने हंबरडा फोडला. मुखियाला कुणाकडे बघवेना.

बर्फ वितळला. ज्या दिवशी बारसं व्हायचं त्या दिवशी मुखिया बोडक्या उतारावर रोपं लावत होता. सुतार आला आणि शेजारी खड्डे खणू लागला.

मुखियाने विचारलं, "सुतारबाबा, ही भिंतीजोगी कधी होतील?"

सुताराने रोपाभोवतीची माती हाताने दाबली. "तुमची नात साठ वर्षांची झाली असती, तेव्हा."

तात्पर्य: भिंतीत वाचवलेलं रोज चुलीत जळत असेल तर ती बचत नव्हे, आणि हे कळल्यावर एक दिवससुद्धा थांबू नये.