वैजंताची गोष्ट

"मी तिचं काय वाईट केलं, अक्का?"

आल्या आल्या इंदुमतीताईंनी हाच प्रश्न टाकला. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

अक्का अंगणात आयाबायांबरोबर चिंचा फोडत बसल्या होत्या. बायकांच्या आणि मुलांच्या हक्कांचं काम इंदुमतीताई त्यांच्याच हाताखाली शिकल्या. पुढे ताईंचं नाव झालं, संस्था झाली, अक्कांकडे येणं कमी झालं. नाव झालं की असं होतंच.

तक्रार वैजंताबद्दल होती. कोवळ्या वयात तिला बोहल्यावर चढवत होते. ताईंनी ते लग्न मोडलं, तिला वसतिगृहात ठेवून शिकवलं. पाहुणे आले की ताई तिला पुढे उभं करत आणि म्हणत, सांग बाळा तुझी गोष्ट. बापानं कसं मारलं, कसं कोंडलं, सगळं. पाहुणे डोळे पुसत. परवा ताईंच्या सत्कारात मात्र ती माइकसमोर नुसतीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी वसतिगृह सोडून गेली, त्याच बापाच्या घरी.

"तो तिला आता उजवून टाकेल," ओट्यावर टेकत ताई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तर ती परत येईल."

अक्कांनी हात पदराला पुसले.

"इंदू, उभी राहा."

ताई उभ्या राहिल्या.

"आता या बायकांना तुझी गोष्ट सांग. जी सांगताना जीव नकोसा होईल, ती."

बायकांचे हात थांबले. सगळ्या ताईंकडे बघू लागल्या.

ताईंना एकच आठवलं. भरल्या पंगतीत नवऱ्यानं मारलेली थोबाडीत, आणि त्यानंतर हसत हसत वाढलेला भात. इतक्या भाषणांत हे कधी तोंडातून निघालं नव्हतं.

"अक्का, इथं…?"

"इथंच. सगळ्या आपल्याच आहेत."

ताईंचे कान तापले. मार त्यांनी खाल्ला होता, आणि लाजही त्यांनाच वाटत होती. मग वैजंताचा माइकसमोरचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि ती पहिली लाज परवडली असं त्यांना झालं.

"नाही सांगवत, अक्का…"

अक्कांनी पुढची चिंच फोडायला घेतली.

"…मी बसू का?"

"मला कशाला विचारतेस?" अक्का म्हणाल्या. "जिला विचारायचं, तिला कधी विचारलंस?"