ठमी कुठून सुटते

"बाबा, तुम्ही हिला खायला काय घालता?"

"काहीच नाही."

"मग ही रोज इथं कशाला येते?"

चिंचेखालच्या दगडी ओट्यावर नूरशा फकीर बसला होता आणि त्याच्या पायाशी ठमी जीभ काढून धापा टाकत होती. मानेवरचे केस पट्ट्यानं घासून गेले होते. पट्टा मात्र गळ्यात नव्हता.

व्यंकटराव उमाटे ओट्यापुढे उभेच राहिले. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांनी हयात काढली होती. गाव ओलांडून, हायवे ओलांडून फकिराच्या या तकियात ते पहिल्यांदाच आले होते, तेही कुणीतरी सांगितलं म्हणून, पळालेलं कुत्रं न्यायला. एक खोली, एक जुनी कबर, चिंचेचं झाड आणि हा ऐंशीच्या घरातला म्हातारा, एवढाच तो तकिया.

ठमी त्यांच्या बायकोची. मांजराएवढी, तांबूस, एक कान कायम पडलेला. इंदूबाई जाऊन पाच महिने झाले होते. मुलगी लग्न होऊन बडोद्याला. घरात आता दोनच जीव उरले होते, आणि त्यातला एक रोज दुपारी चार वाजले की परसातून पळून जायचा.

"काय काय केलं नाही मी," व्यंकटराव म्हणाले. "भिंत दोन फूट वाढवली, तर हिनं खालून उकरलं. खाली काँक्रीट ओतलं, तर मोरीच्या तोंडातून निघाली. मोरीला जाळी ठोकली, तर सरपणाच्या ढिगावर चढून उडी. ढीग हलवला. पंचवीस पूल उभे केलेत मी, बाबा. माझ्या कामात कुणी बोट घालायला जागा शोधून दाखवावी. आणि हे एवढंसं जनावर..."

"मग बांधून ठेवलंत."

"मग बांधून ठेवलं. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. आज पट्ट्यातून मान सोडवून आली." त्यांचा आवाज खाली आला. "मधे रस्ता आहे. गेल्या आठवड्यात एका ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचली. हीसुद्धा गेली, तर मग घरात..."



फकीर ठमीच्या पडक्या कानामागं खाजवत राहिला.

"पहिल्यांदा कधी सुटली?"

"इंदू गेल्यावर. तेरावं झालं त्याच आठवड्यात. त्याआधी एकदाही नाही."

"त्या आठवड्यात घरात काय झालं?"

"काही नाही. पाहुणे गेले. मी परसातलं मागचं दार विटांनी बुजवून घेतलं. कुणी वापरत नव्हतं. उगाच चोरांना वाट कशाला?"

फकिराचा हात ठमीच्या कानामागं थांबला.

"बाई त्या दारानं यायच्या."

"कुठं?"

फकिरानं बसल्या जागेवरून हात लांब केला आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकावर पडलेला चिंचेचा पाला तळव्यानं बाजूला सारला.

"इथं."

व्यंकटराव त्या दगडाकडे बघत राहिले.

"नऊ वर्षं," फकीर म्हणाला. "चारला यायच्या, पाचला जायच्या. आधी एकट्या. मग ही झाली, तेव्हापासून हिला घेऊन."

"शक्य नाही. मला बोलली असती."



चार वाजता आपण कुठं असायचो, हे व्यंकटराव आठवू लागले. नोकरीत होते तेव्हा साइटवर. नंतर माडीवर. जेवण, पेपर, वामकुक्षी, पुन्हा पेपर. साडेपाचला चहा वर यायचा. कधी चुकला नाही. चहाआधी ती कुठं असते, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

"इथं येऊन काय करायची?"

"पेपर वाचायच्या. मोठ्यानं. मला अक्षरओळख नाही."

"पेपर तर माझ्याकडे असायचा."

"कालचा वाचायच्या."

हायवेवरून एक टँकर गेला.

"मी येऊन वाचत जाऊ का?" व्यंकटरावांनी घाईनं विचारलं. "आजचा आणीन."

"बातम्यांचं मला काय करायचं, साहेब?"

"मग ती..."

"बाई म्हणायच्या, बाबा, दिवस दिवस घशातून आवाज निघत नाही. शाबूत आहे का ते बघून जाते."

व्यंकटराव खाली बसले. ओट्यावर नाही, समोर मातीत, इस्त्रीची विजार घालून. ठमीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड पुन्हा पंजांवर ठेवलं.

त्यांनी विचारलं, "अजून काय म्हणायची? माझ्याबद्दल?"

"ते बाईंना विचारायचं होतं."

ठमीला काखेत घेऊन ते घरी गेले. रस्ता ओलांडताना तिचं काळीज त्यांच्या बरगड्यांवर धडधडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी छिन्नी-हातोडा काढला. गवंड्याला बोलावलं नाही. सिमेंटचा माल त्यांनीच उभं राहून कालवून घेतला होता, त्यामुळे एकेक वीट निघेपर्यंत दुपार झाली. तळहाताला फोड आले, ते फुटले. शेवटच्या ओळीमागं जुनं लाकडी दार तसंच होतं. त्याच्या कडीला जुन्या लुगड्याचा काठ पिळून केलेली एक दोरी लटकत होती. हिरवा काठ, टोकाला फासाची गाठ. बुजवताना त्यांनी तिकडे पाहिलंही नव्हतं.

ठमी कोपऱ्यातून उठून आली. दोरीखाली उभी राहिली आणि शेपूट हलवू लागली.

चार वाजता व्यंकटरावांनी तोच काठ तिच्या गळ्यात अडकवला आणि मागच्या दारानं निघाले. हायवेच्या कडेला येताच ठमी मुकाट खाली बसली. ट्रक गेला, मोटार गेली, दुसरा ट्रक गेला, तरी ती हलली नाही. त्यांनी पाऊल उचललं तेव्हाच उठली. तिला हे कुणीतरी शिकवलं होतं. दिवसेंदिवस, न कंटाळता.

पलीकडे पोचेपर्यंत त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं.

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. पहिले काही दिवस झाडाला टेकून उभे राहिले. मग ओट्याच्या मधोमध बसू लागले. टोकाच्या त्या जागेवर बसायला त्यांना महिना लागला. फकीर फारसं बोलत नसे. व्यंकटरावांनाही बोलायला काही सुचत नसे. पुलांबद्दल त्यांनी एकदा सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिली. पाच वाजले की ते उठत. घरी येऊन चहा करत. आपल्या हातचा चहा त्यांना अजून जमत नव्हता.

थंडी पडली. एके दिवशी चार वाजले तेव्हा ठमी परसात कपडे धुण्याच्या दगडाशेजारी उन्हात पडली होती. व्यंकटरावांनी दार सताड उघडलं. तिनं एक डोळा उघडला, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली आणि डोळा मिटून घेतला.

ते धुण्याच्या दगडावर बसले.

सव्वाचार झाले. साडेचार झाले. दारातून पलीकडचं रान दिसत होतं, वारा आत येत होता, वाटेत जाळी नव्हती, कडी लावलेली नव्हती. ठमी हलली नाही. तिच्या पोटाची संथ हालचाल तेवढी दिसत होती. इतके महिने ज्यासाठी डोकेफोड केली ते आपोआप होऊन गेलं होतं. व्यंकटरावांना बरं वाटलं. कुणाला तरी सांगावं असं वाटलं.

माडीवर कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

"ठमे," त्यांनी हाक मारली.

आवाज घोगरा, फाटका निघाला. घसा खाकरून त्यांनी पुन्हा हाक मारली. मग त्यांच्या लक्षात आलं, सकाळपासून तोंडातून निघालेला हा पहिलाच शब्द होता.

ठमीनं झोपेतच कान हलवला.

ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि दार उघडंच टाकून निघाले. हायवे त्यांनी जवळजवळ धावतच ओलांडला. एका मोटारवाल्यानं जोरात हॉर्न वाजवला.

फकीर ओट्यावर होता. त्यानं त्यांच्या पायांकडे पाहिलं, मागं पाहिलं.

"ठमी?"

"घरी आहे." व्यंकटरावांना धाप लागली होती. "दार सताड उघडं आहे, बाबा. अडवलं नाही, बांधलं नाही, तरी गेली नाही. निवांत झोपलीय. सुटला प्रश्न. आता ती पळत नाही."

फकिरानं ओट्याच्या दुसऱ्या टोकावरचा पाला तळव्यानं बाजूला सारला.

"मग आज कोण पळून आलं?"