कोंबडीने बुधवार खाल्ला!

"उद्या दुपारी वळू कुठे असेल? जागा सांगा! नाहीतर माझं भाकीतखातं याच गावात राहील, आणि गावच त्याला जन्मभर जेवू घालील!"

राजा रणधुमाळाचा हा हुकूम ऐकून सुंभेवाडीच्या बायका पिठाचे डबे उघडून बघू लागल्या. भाकीतखात्यातला एकेक जण चार भाकऱ्या संपवून पाचवीची चौकशी करत असे!

भानगड अशी होती. राजाने देवाच्या नावाने एक वळू सोडला होता, त्याचं नाव सरदार. देवाला सोडलेल्या जनावराला बांधायचं नाही, मारायचं नाही, हाकलायचंही नाही. सरदार शिरेल ते शेत त्याचं! पोळ्याला मात्र राजाच्या हातून त्याची पूजा व्हायलाच हवी, आणि पोळा उद्यावर आला होता. वळूला बांधता येईना, तेव्हा तो कुठे जाणार हे आधीच ओळखायचं, म्हणून हे खातं निघालं.

खात्याचा मुक्काम होता धोंडजी शेतकऱ्याच्या अंगणात. खात्याचे प्रमुख त्र्यंबकशास्त्री यांनी तिथे रांगोळीने अख्ख्या राज्याचा नकाशा काढला होता. वळू सकाळी दिसला तिथे मसूर, संध्याकाळी दिसला तिथे हरभरा, मधे सुतळी.

"सोमवारी नदी, मंगळवारी टेकडी, म्हणजे आता..." शास्त्रीबुवा एकदम किंचाळले, "अरे धरा तिला! कोंबडीने बुधवार खाल्ला!"

धोंडजीची मुलगी येसू चुलीपुढून हे बघत होती. भाकऱ्या थापून तिचे हात भरून आले होते आणि पिठाच्या डब्याचा तळ दिसू लागला होता. तिला मनस्वी राग आला होता.

उरलेल्या मसुरांवरून शास्त्रीबुवांनी भाकीत केलं, "आज, आमराई!" लगेच स्वागताला शिंगं, ताशे, पायघड्या, सगळा लवाजमा आमराईत गेला. वळू काही आला नाही. मंडळी भुकेने कासावीस होऊन परतली.

"गणित बरोबर होतं," शास्त्रीबुवा म्हणाले, "वळू चुकला."

पोळ्याच्या सकाळी राजा पूजेचं ताट घेऊन स्वतःच येऊन थडकला. "कुठे आहे माझा सरदार?"

शास्त्रीबुवा कोंबडीकडे बघू लागले. येसू पिठाच्या हातांनीच पुढे आली.

"महाराज, दुपारी सरदार ह्याच अंगनात उभा असंल!"

"आणि नसला तर?"

"तर ही मानसं जन्मभर माझ्याच हातची भाकरी खातील! पन आज शास्त्रीबुवांनी मी सांगते ती भाकितं करायची. वळू नदीवर येनार, टेकडीवर येनार अन् आमराईत बी येनार!"

"एक वळू तीन ठिकाणी?" शास्त्रीबुवा ओरडले. "खात्याची अब्रू जाईल!"

"कालची शिल्लक हाय व्हय?"

राजाने मिशीत हसून मान हलवली. तिन्हीकडे ताशे गेले, शिंगं गेली. अंगणात चिडीचूप झालं. दुपार होते न होते तोच कुंपण मोडून सरदार आत आला, धापा टाकत उभा राहिला आणि नकाशा खाऊ लागला! आधी नदीकाठ, मग टेकडी, मग मागचा अख्खा महिना. राजाने घाईघाईने पूजा उरकली.

"पोरी, तुला कळलं कसं?"

"सरदाराला ताशाचं लई भ्या वाटतं, महाराज. बुवा म्हनतील तिथं ताशा वाजतो, मग तो तिथं कसा ऱ्हाईल? आज तिन्हीकडं वाजवलं, शांत जागा उरली ही एकच."

"म्हणजे माझी भाकितं खरी होती! वळू तिथेच येणार होता!" शास्त्रीबुवांनी टाळी वाजवली.

"व्हय! पन तुमी आदी जाऊन पोचला!"

राजाचे डोळे लाल झाले. "मग असलं खातं हवंय कशाला? आत्ताच मोडतो!"

"मोडू नका, महाराज! भाकरी तेवढी राजवाड्यातनं धाडा. अन् पीक उभं हाय तवर त्यांना रोज एकच भाकीत करू द्या, आज वळू सुंभेवाडीच्या शेतात येनार! वाजतगाजत बांधावर उभं ऱ्हाऊ द्या. एक कनीस जायचं न्हाई!"

"पण देवाच्या वळूला हाकलायचं नाही, ठाऊक आहे ना?"

"हाकलतंय कोन, महाराज? आमी तर त्याचं स्वागत करतोय!"

राजा इतका खदखदून हसला की ताटातलं निरांजन विझलं! हसता हसताच त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं आणि त्याच संध्याकाळी राजवाड्यातून भाकऱ्यांच्या टोपल्या रवाना झाल्या.