नाणेतज्ज्ञ साळिंदर

माणसं गड सोडून गेली आणि तिथे प्राणीच राहू लागले, त्या काळातली ही गोष्ट. दगडूजी साळिंदराच्या बिळात जुन्या नाण्यांचा मोठा ढीग होता. म्हणून सगळे त्याला तज्ज्ञ समजत, आणि तोही स्वतःला तसंच समजे.

एकदा झिपरी खार एक काळपट नाणं घेऊन आली. "दगडूजी, हे माझ्या आईचं. कुठल्या राजाचं आहे, सांगाल का?"

"त्यात काय! आधी नीट दिसू तर दे," म्हणत त्याने चिंच आणि वाळू लावून नाणं खसाखसा घासलं. नाणं लखलखलं, पण त्यावरची झिजलेली अक्षरं पार पुसून गेली.

खार रडवेली झाली. दगडूजीचे काटे लाजेने खाली बसले. "ढीग मोठा म्हणजे डोकंही मोठं, असं मी धरून चाललो होतो गं. माझ्या ढिगातलं हवं ते नाणं घे."

"त्यातलं एकही माझ्या आईचं नाही," खार म्हणाली आणि निघून गेली.

पुढे एकदा माकडाने नाणं आणलं, तेव्हा दगडूजीने दोन्ही पंजे मागे घेतले.

"कुणाचं ते मला ठाऊक नाही. पण घासू नकोस, एवढं खात्रीने सांगतो. माझं सगळं ज्ञान ते एवढंच."